वर्धनाची विझलेली चूल

फार पूर्वी रोचन नगरात राजा धृतिमान राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने त्या राज्याच्या पार वरच्या टोकाला, हिमवंताच्या कुशीतल्या शीलाट नावाच्या मेंढपाळांच्या गावात जन्म घेतला होता. त्या जन्मी त्याचे नाव वर्धन होते. आपल्यावर कोणी राजा राज्य करतो आहे याची शीलाटच्या लोकांना आठवण होई, ती राजाची माणसे लोकर न्यायला घाट चढून येत तेव्हाच. एरवी त्यांच्यावर राज्य चाले ते चुलीचे.

हे आधी सांगावे लागेल, नाहीतर पुढचे काही कळायचे नाही. शीलाटमध्ये प्रत्येक घराची चूल पिढ्यान्‌पिढ्या पेटती असे. रात्री निखारे राखेखाली पुरायचे, सकाळी राख सारून फुंकायचे. घर मोडून नवे बांधले तरी विस्तव तोच. घरातली गेलेली माणसे त्या विस्तवात राहतात असे ते मानीत. म्हणून विस्तव कोणाला द्यायचा नाही, कोणाकडून घ्यायचा नाही, आणि दुसऱ्याच्या लाकडावर आपली चूल पेटवायची नाही. आपल्या वाडवडिलांना शेजाऱ्याने जेवू घातले, हे ऐकून घ्यायची कोणाची तयारी असणार? ज्याची चूल विझली त्याच्या घराला थंड घर म्हणत. थंड घरात कोणी मुलगी देत नसे आणि तिथली मुलगी कोणी करून घेत नसे.

आणखी एक रीत होती. सकाळी चुलीत धुपाच्या झुडपाची ओली डहाळी टाकून दाट धूर काढायचा. धूर दिसला म्हणजे घर जागे आहे, सगळे ठीक आहे. ज्या घरातून सकाळचा धूर निघाला नाही त्या घरात मरण आले असे समजायचे. मग बोलावण्याची वाट न पाहता प्रत्येक घरातून एकाने चितेसाठी एक लाकूड घेऊन त्या दाराशी जायचे. म्हणजे मेलेल्याला लाकूड दिलेले चालत होते, जिवंताला दिलेले चालत नव्हते. माणसे नियम करतात तेव्हा असे काहीतरी नेहमीच राहून जाते.

या गावात सोमदा नावाची एक म्हातारी राहत होती. शरद संपता संपता गावातली धडधाकट माणसे मेंढरे घेऊन खाली मैदानात उतरत आणि वसंतातच परत येत. तसा तिचा मुलगा अरिष्टही गेला होता. घरी राहिल्या सोमदा आणि तिची सून नंदिका. नंदिकेला दिवस गेलेले होते. जायच्या आधी अरिष्टाने घरामागे सरपण रचून ठेवले होते. ते नेहमीच्या हिवाळ्याला पुरून उरले असते. पण हिवाळाच नेहमीचा नव्हता. थंडी ओसरायच्या बेतात असताना नंदिका बाळंत झाली, मुलगी झाली, आणि पोरीची आंघोळ झाली न झाली तोच वरच्या खिंडीतून वादळ गावावर कोसळले.

ते वादळ असे होते की दार उघडले तर समोरची भिंत दिसू नये. बर्फ वरून पडत नव्हते, आडवे येत होते. वारा घराभोवती फिरून फिरून फट शोधी आणि सापडली की तिथून आत भुसभुशीत बर्फाची रांगोळी घाली. दिवसामागून दिवस गेले. बाळंतिणीला ऊब हवी म्हणून सोमदेने सुरुवातीला हात सैल सोडून लाकडे घातली होती. आता ती घराकडे वेगळ्याच नजरेने पाहू लागली. आधी मागावरच्या फळ्या गेल्या. मग धान्याच्या कोठीचे झाकण गेले. मग खाटेच्या बाजूचे गाते गेले, आणि नंदिका पोरीला घेऊन चुलीजवळ जमिनीवर निजू लागली.

"आत्याबाई, हिचे पाय गार लागताहेत," नंदिका म्हणाली.

सोमदेने ते पाय हातात धरून पाहिले. गार होतेच. पोर रडत होती तोवर सोमदेला धीर होता. आता ती रडायचीही कमी झाली होती. चूल मोठी करावी तर उद्याला काही नाही आणि लहान ठेवावी तर पोर आजच जाते. सोमदेची सासू मरताना म्हणाली होती, "मी गेले तरी चालेल, हिला जाऊ देऊ नकोस." ती चुलीबद्दल बोलत होती. ते शब्द सोमदेने इतकी वर्षे सांभाळले होते. आता नातीचे पाय हातात धरून बसल्यावर तिला पहिल्यांदा सासूचा राग आला आणि त्या रागाची भीतीही वाटली.

पहाटे वारा थोडा वेळ दम खाई. तेवढ्यात धूर काढायचा असे. सोमदा रोज डहाळी टाकी, आणि डहाळी ओली म्हणून ती पेटावी यासाठी वर एक चांगले लाकूड टाकी. म्हणजे दिवसभर पोरीला पुरवायचे लाकूड ती सकाळी गावाला दाखवायला जाळी. मग फटीला डोळा लावून बाहेर पाही. सगळ्या घरांवर धूर. शेजारी तिचा दीर, तिच्या गेलेल्या नवऱ्याचा धाकटा भाऊ कंक राहत होता. त्याच्या घरातून तर असा काळाभोर धूर निघे की याने अख्खे झाड चुलीत घातले की काय असे वाटावे. सोमदा मनात म्हणे, सगळ्यांचे ठीक चालले आहे, आपलेच घर तेवढे दरिद्री. आणि फट बंद करी. प्रत्येक घरात कोणीतरी असेच फटीला डोळा लावून तिच्या धुराकडे पाहत होते, हे तिला कुठून ठाऊक असणार?

हे एका माणसाला मात्र ठाऊक होते. वर्धनाचे घर सर्वांत वर, खडकाच्या आडोशाला होते. घरामागे देवदाराच्या वाळक्या लाकडांची रास छपराइतकी उंच होती. त्याची बायको काही वर्षांपूर्वी वारली होती. घरात तो आणि त्याची मुलगी रेवा; तिला एकटे सोडवेना म्हणून तो मैदानात उतरला नव्हता. रेवेचे लग्न पलीकडच्या खोऱ्यात एका चांगल्या घरी ठरले होते. दार लावून स्वस्थ बसला असता तर वसंत आला कधी हे त्याला मेंढरांच्या घंटांवरूनच कळले असते. पण त्याला धूर वाचता येत असे. देवदाराचा धूर निळसर असतो आणि सरळ चढतो. खालच्या घरांचा धूर काळा, जड आणि पिवळट होता. तेल प्यालेले मागाचे लाकूड, रंगवलेली पेटी, दाराची चौकट जळताना तसा धूर निघतो. लोक घर जाळून घर गरम करीत आहेत हे त्याच्या ध्यानात आले.

एका दुपारी सोमदेच्या दारावर थाप पडली.

"काकी, मी वर्धन. दार उघडा. लाकडं आणली आहेत."

सोमदा दाराशी गेली. कडीवर हात ठेवला. मागे नंदिका तिच्याकडे पाहत होती. कडी काढायला एवढासा जोर लागला असता.

"कशाला आणलीस?" ती दाराआडून म्हणाली. "आमच्याकडे भरपूर आहेत. अरिष्टानं रचून ठेवली आहेत."

"असू द्या. मला ओझं झाली आहेत. तेवढी उतरवून घ्या."

"परत ने रे बाबा. आमच्या चुलीला दुसऱ्याचं चालत नाही, तुला ठाऊक आहे."

बाहेर मोळी पुन्हा खांद्यावर चढवल्याचा आवाज आला. मग वर्धन म्हणाला, "बाळ बरं आहे ना?"

"बरं आहे," सोमदा म्हणाली, आणि पावले बर्फात करकरत वर गेली तशी ती दाराला पाठ लावून खाली बसली. नंदिकेने पोरीचे पाय पदरात गुंडाळले. सोमदेला वाटले, ही ओरडली असती, भांडली असती तर बरे झाले असते.

वर्धन त्या दुपारी प्रत्येक दाराशी गेला. प्रत्येक दारातून त्याला तेच उत्तर मिळाले, आणि कंकाने तर वर दोन शब्द सुनावले की मोठे घर आहे म्हणून दुसऱ्याच्या वाडवडिलांना भीक घालायला येऊ नये. गोठलेल्या मिशीने आणि भरल्या मोळीने वर्धन घरी परतला. चुलीसमोर बसून तो खूप विचार करीत राहिला. मग त्याने रेवेला हाक मारली आणि आपण काय करणार आहोत ते तिला सांगितले, कारण त्याची किंमत तीही मोजणार होती. रेवेने पाण्याचा घडा उचलून बापाच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे वाऱ्याने दम घेतला तेव्हा सोमदेने डहाळी टाकली आणि फटीला डोळा लावला. खालच्या घरांवर धूर होता. कंकाच्या घरावर होता. वर्धनाच्या घरावर नव्हता.

ती पाहतच राहिली. कदाचित उशीर झाला असेल. पण धूर आलाच नाही. छपरावरचे बर्फ तसेच पांढरे स्वच्छ पडून होते. काल दारात उभा असलेला माणूस, आपण ज्याला परत पाठवले तो, घरी पोचून मेला. गारठून मेला असेल, आपल्या दारात उभे राहून गारठला असेल. सोमदेला हुंदका आला. तिने कोपऱ्यात पाहिले. दोन लाकडे उरली होती. एक मागाचा आडवा दांडा, जाड आणि चांगला, आजच्या दिवसाचा. दुसरे खाटेचा खूर.

"नंदिके, जायला हवं," ती म्हणाली.

"त्यातलं एक नेणार?"

"मेलेल्याला लाकूड न देता कसं चालेल?"

नंदिकेने पोरीला छातीशी घट्ट धरले. "मोठं नका नेऊ," एवढेच ती म्हणाली.

सोमदेने खूर घेतला. घोंगडी डोक्यावरून बांधली, दार ओढून काढले आणि कमरेइतक्या बर्फात उतरली. इतर दारेही उघडत होती. माणसे बाहेर पडत होती, कोणी कोणाकडे पाहत नव्हते, सगळ्यांच्या नजरा वरच्या घराकडे. प्रत्येकाच्या काखेत घोंगडीखाली काहीतरी होते. वारा पुन्हा उठायच्या आत पोचायला हवे होते. सोमदेची पावले मांडीपर्यंत रुतत होती आणि तिला एकच भीती होती, आपण परत येईपर्यंत पोरीजवळची चूल टिकेल की नाही. कंक तिच्या पुढे होता. तो वाट करून देत होता पण मागे वळून पाहत नव्हता.

वर्धनाच्या दारासमोर पहिल्याने घोंगडीखालून लाकूड काढले आणि खाली ठेवले. ती पाळण्याची दांडी होती. दुसऱ्याने ठेवली ती पेटीची कोरीव कड. कोणी उखळाचे मुसळ ठेवले, कोणी नांगराचे रुमणे, कोणी उंबरठ्याची तासलेली फळी. सोमदेने खाटेचा खूर ठेवला. कंकाने घोंगडीत हात घातला, थांबला, आणि मग आपल्या देवघराची दोन दारे काढून इतर लाकडांवर ठेवली.

साधे सरपण कोणीच आणले नव्हते, कारण कोणाकडे उरलेच नव्हते. लोकांनी त्या ढिगाकडे पाहिले आणि मग पहिल्यांदा एकमेकांच्या तोंडाकडे पाहिले. काजळलेले गाल, फुटलेले ओठ, सुजलेली बोटे. रोज सकाळी धूर काढून एकमेकांना फसवणारी ती सगळी माणसे तिथे एकमेकांपुढे पुरती उघडी पडली. सोमदेने कंकाकडे पाहिले. त्याने नजर चुकवली.

तेवढ्यात आतून कडी निघाली आणि दारात वर्धन उभा राहिला. धडधाकट, जिवंत.

दोन बायका मागे सरकल्या. कंकाला मात्र भीतीपेक्षा राग लवकर येत असे. "तू जिवंत आहेस? मग धूर कुठे आहे?"

"चूल विझली आहे, काका. मीच विझवली."

त्याने दार पूर्ण उघडले. आत चूल दिसत होती, ओली, काळी. राखेचा चिखल झाला होता आणि त्यावर पाणी गोठून पापुद्रा धरला होता. मागच्या बाजूला लाकडांची रास होती तशी होती. त्या घराची चूल गावातली सर्वांत जुनी होती असे म्हणत. कंक दाराच्या चौकटीला टेकला.

"तुझा बाप, तुझा आजा, सगळे त्यात होते," तो म्हणाला. "त्यांच्यावर पाणी ओतलंस?"

"ओतलं."

"राखेखाली झाकून ठेवायचा होतास. आम्हाला बाहेरच काढायचं होतं, तर धूर न निघण्यानंही काम भागलं असतं."

"नसतं भागलं," वर्धन शांतपणे म्हणाला. "माझा विस्तव शाबूत असता तर मी अजूनही देणारा राहिलो असतो, आणि माझ्याकडून तुम्ही काल घेतलं नाही, आजही घेतलं नसतं. गावात पहिला मागणारा कोणीतरी व्हायला हवा होता. तो मी झालो. माझ्याकडे विस्तव नाही, माझी मुलगी आत थंडीनं कुडकुडते आहे. मला विस्तव द्या."

खिंडीकडून वारा पुन्हा घोंगावू लागला. वर्धनाने घाईने पण स्पष्ट शब्दांत सांगितले. खालचा मेंढवाडा अर्धा जमिनीत आहे, भिंती जाड आहेत, मेंढरे मैदानात गेल्यामुळे तो रिकामा आहे आणि खाली वाळल्या लेंड्यांचा थर आहे. सगळे गाव तिथे मावते. त्याची रास आणि ही चितेची लाकडे एका जागी जाळली तर वादळ संपेपर्यंत पुरतील. वेगवेगळ्या चुलींत घातली तर दोन दिवसांत संपतील. फक्त पेटवायला कोणाच्या तरी घरचा विस्तव हवा.

मागितले होते एवढेसे. पण द्यायला कोणी पुढे येईना. लाकडाचे एक वेळ चालले असते. विस्तव द्यायचा म्हणजे घरातली गेलेली माणसे काढून दुसऱ्याच्या ओटीत घालायची. लोक बर्फात पाय हलवीत उभे राहिले. सोमदेला पोरीचे पाय आठवत होते. हातात अजून त्यांचा गारठा होता.

"मी देते," ती म्हणाली.

कंक तिच्याकडे वळला. "वहिनी, तुमच्या घरी सोयर आहे. बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नसतो आणि त्या चुलीतलं काही बाहेर काढायचं नसतं."

"भावोजी, सोयर पाळायला पोर जगायला हवी. काल मी याला दारातून परत पाठवलं. आमच्याकडे भरपूर लाकडं आहेत म्हणाले. खोटं बोलले." तिने घोंगडी पुन्हा डोक्यावरून घट्ट बांधली. "मी सगळाच विस्तव आणते. मागं ठेवून काय करू, घालायला काही नाही."

कंक वळला आणि आपल्या घराकडे चालू लागला. त्याला कोणी थांबवले नाही.

मग जे झाले ते घाईत झाले. काही जण वर्धनाच्या राशीतली लाकडे हातोहात खाली मेंढवाड्याकडे सरकवू लागले. सोमदेने घरी येऊन चुलीतले निखारे एका रुंद मडक्यात भरले. चूल रिकामी झाली तेव्हा तिने तिच्याकडे पाहायचे टाळले. नंदिकेने पोरीला चोळीत पोटाशी बांधले. दार उघडले तो वाऱ्याने सोमदेला भिंतीवर आपटले. वादळ पुरते परत आले होते.

पण बाहेर लोक उभे होते. सोमदेच्या दारापासून उताराच्या खाली माणसे खांद्याला खांदा लावून वाऱ्याकडे पाठ करून उभी राहिली होती, घोंगड्या एकमेकांत अडकवून. त्या जिवंत भिंतीच्या आडोशाने आधी नंदिका गेली; प्रत्येकाने तिचा दंड धरून पुढच्याच्या हाती दिला. बाळंतिणीला शिवू नये हे त्या घडीला कोणाच्या लक्षात राहिले नाही. मागून मडके हातातून हातात जाऊ लागले. मडके तापलेले होते तोवर लोक घाईने पुढे देत. अर्ध्या वाटेवर ते तापलेले राहिले नाही. पुढच्याच्या हातात देताना एकीचा पाय घसरला, मडके कलंडले आणि त्यात बर्फाचा एक लोट शिरला. आतून जे चर्र झाले ते सोमदेने ऐकले.

मेंढवाड्यात वर्धनाने दगडांचे वर्तुळ करून खाली लोकरीचा चुरा, वर पाळण्याची दांडी आणि देवघराची दारे रचली होती. सोमदेने मडक्यातले निखारे त्यावर ओतले. बहुतेक काळे होते. एक लाल होता. ती गुडघ्यांवर बसून फुंकू लागली. चुरा धुमसला, धूर झाला, डोळ्यांतून पाणी आले, ज्वाळ काही येईना. निखाऱ्याची लाली आत आत जाऊ लागली. तिच्या मागे सगळे गाव श्वास धरून उभे होते. नंदिका पोरीचे तोंड आपल्या तोंडाशी धरून तिला वाफ देत होती. सोमदा फुंकत राहिली आणि तिला कळून चुकले की हा जाणार. सासूने दिलेला, इतक्या पिढ्यांचा, तिच्या हातात जाणार, आणि त्याच्याबरोबर पोरही.

"वहिनी, सरका," कोणीतरी म्हणाले. "तुमच्या फुंकरीत दम राहिला नाही."

कंक होता. त्याच्या भुवयांवर बर्फ साचले होते आणि हातात घोंगडीत गुंडाळलेली पितळेची पाटी होती. पाटीत निखारे होते, लालभडक. त्याने खाली बसून ते सोमदेच्या निखाऱ्याभोवती एकेक करून लावले. लावताना तो कोणाकडे न पाहता म्हणाला, "दादाचा आणि माझा विस्तव एकाच बापाचा आहे. मी परक्याला देतोय असं कोणी समजू नका."

कोणी तसे समजले नाही. दोघे मिळून फुंकू लागले तेव्हा देवघराच्या दाराच्या कडेने पेट घेतला आणि ज्वाळ उठली. यानंतर ज्यांनी आपापले निखारे आणून ओतले त्यांना एकच बाप असल्याची सबब नव्हती, आणि तिची गरजही कोणाला वाटली नाही. बघता बघता एवढा विस्तव झाला की कोणाचा कुठला हे देवालाही सांगता आले नसते. सोमदेने पोरीचे पाय उघडे करून त्या उबेत धरले. बऱ्याच वेळाने पोरीने तोंड वाकडे केले आणि ती चांगली जोरात रडली. सोमदाही रडली. आजूबाजूच्या बायका हसल्या.

वादळ त्यानंतरही बरेच दिवस घोंगावत राहिले. सगळे गाव मेंढरांच्या वासात, मेंढरांसारखेच एकमेकांना टेकून राहिले. मोठ्या घरच्या माणसांनी नाके मुरडली, मग तीही लेंड्यांच्या थरावर गाढ झोपू लागली. पोर या मांडीवरून त्या मांडीवर फिरली. कंक दिवसभर आगीजवळ बसून कोणी कसे लाकूड लावावे यावर सगळ्यांना बोल लावीत राहिला. वर्धनाची रास शेवटच्या फाट्यापर्यंत जळली. ज्या सकाळी ऊन पडले त्या सकाळी माणसे बाहेर आली ती डोळे चोळीत, आणि सगळी बाहेर आली.

प्रत्येक घर त्या एका आगीतून निखारे घेऊन गेले. वर्धनही घेऊन गेला. पण पलीकडच्या खोऱ्यात बातमी पोचलीच. ज्याने आपल्या हाताने चुलीवर पाणी ओतले त्याच्या घरची मुलगी आम्हाला नको, असा निरोप आला आणि रेवेचे लग्न मोडले. वर्धनाने तो निरोप ऐकून घेतला आणि निरोप्याला जेवायला वाढले.

वसंतात मेंढरे वर आली आणि त्यांच्यामागून अरिष्ट आला. परतलेल्या पुरुषाने आधी चुलीपुढे वाकून त्या विस्तवातल्या गेलेल्या माणसांची नावे घ्यायची असतात. अरिष्टाने मुलीला कडेवर घेतले, वाकला आणि बापाचे नाव घेणार तेवढ्यात सोमदेने त्याला थांबवले.

"आधी वर्धनाच्या घरची नावं घे."

झालेली हकिगत अरिष्टाने वाटेतच ऐकली होती. तो गोंधळला. "आई, या विस्तवात सगळ्या गावाचा विस्तव आहे. नाही तो फक्त वर्धनाच्या घरचा. तो तर विझला."

"म्हणूनच घ्यायची. त्यांना राहायला आता दुसरी जागा नाही."

पण नावे कोणाला ठाऊक होती? प्रत्येक घराची नावे त्या घरालाच ठाऊक असत. मग सोमदा उठून वर वर्धनाच्या घरी गेली. तो दाराशी रेवेबरोबर लोकर विंचरीत बसला होता. सोमदा समोर बसली आणि म्हणाली, "तुझ्या घरची माणसं सांग. आमच्या चुलीला त्यांची नावं घ्यायची आहेत."

वादळात, गावासमोर, मोडलेल्या लग्नाच्या निरोपापुढे ज्याचा आवाज हलला नव्हता, तो वर्धन नावे सांगू लागला. पणज्याचे सांगितले, पणजीचे सांगितले. बापाच्या नावापाशी तो अडला. लोकर हातात तशीच राहिली. रेवेने त्याच्याऐवजी ते नाव सांगितले, आणि मग आपल्या आईचेही. सोमदेने ती सगळी नावे पाठ होईपर्यंत तिथेच बसून पुन्हा पुन्हा म्हटली. त्या वर्षापासून शीलाटच्या प्रत्येक घरात ती नावे पहिल्यांदा घेतली जाऊ लागली.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, एका हेमंतात सांगितली. विहारातले काही भिक्षू आपापल्या कुटीत आपापली शेगडी लपवून बसले होते आणि वृद्ध भिक्षू बाहेरच्या पडवीत थंडीने कापत होते, तेव्हाची गोष्ट. कथा संपल्यावर शास्ते म्हणाले, "भिक्षूहो, त्या वेळची सोमदा म्हणजे आज नदीकाठी राहणारी उपासिका वेणुमती. कंक म्हणजे तुमच्यातला भिक्षू कोलेय, जो आजही रागावल्याशिवाय कोणाचे भले करीत नाही. रेवा म्हणजे भिक्षुणी सुरभी. शीलाटचे लोक म्हणजे तुम्ही सगळे. आणि वर्धन मी होतो. जे आपल्याजवळ भरपूर आहे ते देणे सोपे असते. ज्याच्याशिवाय आपण कोणीच राहत नाही तेही सोडून, मागणाऱ्याच्या जागी जाऊन बसणे, ही त्यागाची पारमिता, त्याची परिसीमा होय."

हे ऐकून भिक्षू कोलेय आधी उठला, पुटपुटत आपल्या कुटीत गेला आणि शेगडी उचलून पडवीत वृद्ध भिक्षूंच्या मध्ये आणून ठेवली.